गळीचं औषध

संत्रं हातात घेतलं की मी आधी त्याचा देठ पाहते. तिथे कात्रीनं जवळून कापलेली हिरवी टिकली असली तर घेते. नुसता खळगा असला, साल उपटून आतलं पांढरं दिसत असलं, तर फळ परत ठेवते आणि गाडीवाल्याकडे असं बघते, जणू त्यानंच काही केलंय. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका फळवाल्यानं मला एकदा विचारलंही, “मॅडम, संत्रा खाता की नुसता तपासता?” त्या बिचाऱ्याला काय सांगणार?

दिवाळी उरकली की नागपूरला आपल्या संत्र्यांचा अभिमान चढतो. चौकाचौकात हातगाड्या लागतात, मिठाईच्या दुकानांत संत्रा बर्फीचे ढीग दिसतात, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पेट्या रवाना होतात. हवेत सालीचा तो तिखटगोड वास भरून राहतो. लोक म्हणतात, काय सुंदर दिवस असतात हे! मी मान हलवते आणि दात आवळून घेते. मला त्या वासात दुसरा एक वास येतो, फवाऱ्याच्या ओल्या नळीचा, आंबूस, नाकाच्या मुळाशी बसणारा. इतक्या वर्षांत राग मऊ पडायला हवा होता. पडला नाही. मी पडूही दिला नाही.

आमचा बगीचा नरखेड तालुक्यातला. गावाचं नाव सांगत नाही, कारण भाऊ अजून तिथेच राहतो. भावाचं नाव प्रमोद. माझ्याहून लहान. लहानपणी माझ्या फ्रॉकचं टोक धरून शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालायचा आणि काटा मोडला की माझ्याच नावानं भोकाड पसरायचा.

आमच्या घरात ‘गळ’ हा शब्द दबक्या आवाजात घेतला जायचा, घरात कुणी आजारी असल्यासारखा. भादव्याच्या सुमाराला फळं पेरूएवढी झाली की ती काही कारण न सांगता झाडावरून सुटू लागायची. कधी मुळाशी पाणी साचून, कधी पाणी तुटून, कधी माशी डसून, कधी नुसतीच. बाबा सकाळी बगीच्यात शिरले की आधी झाडाखाली बघायचे, वर मागाहून. आमचं घर बगीच्याला लागूनच. जेवताना बाहेर थप् असा आवाज आला की बाबांचा घास हातातच राहायचा. आई भाजी वाढता वाढता थांबायची. आम्ही दोघं पोरं श्वास धरून बसायचो, दुसरा थप् होतो का ते ऐकत. नाही झाला की बाबा जेवायला लागायचे आणि मग आम्हीही.

त्या गळीवर बाबा कृषी केंद्रातून औषध आणायचे. त्याला गावात सरळ ‘गळीचं औषध’ म्हणत. सर्दीचं औषध, तापाचं औषध, तसं. पाठीवर पंप, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि ओळीमागून ओळ धुक्यासारखा फवारा. झाडानं फळ धरून ठेवावं म्हणून हा माणूस आयुष्यभर झाडांच्या मागेपुढे फिरला. आळ्यांतलं पाणी हातानं वळवलं, वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिले. गारपिटीचं आभाळ दिसलं की तो अंगणात उघड्या डोक्यानं उभा राहायचा, जणू गारा आधी त्याला विचारून पडणार होत्या.

एवढं करून जे झाडावर राहायचं ते तोडायला सिंधूबाई यायची. सिंधूबाई शेजारच्या गावची. तिची बायांची टोळी होती आणि मला कळायला लागल्यापासून आमचा तोडा तीच करायची. फळ एका तळव्यात अलगद घ्यायचं, दुसऱ्या हातानं देठाशी कात्री लावायची, कच्. मग टोपलीत ठेवायचं, टाकायचं नाही. आमचं संत्रं ढिल्या सालीचं. ओढलं की देठाशी साल फाटते, आणि फाटलेलं एक फळ पेटीतल्या शेजाऱ्यांनाही नासवतं. कुणी ओढताना दिसलं की सिंधूबाई मनगटावर चापट मारायची. माझ्याही मारली आहे, मालकाची पोर असून. सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळ्या ओळींतून कच् कच् असा आवाज यायचा, मध्येच कुणाचा तरी खोकला, कुणाचं हसणं. दुपारी बाया आंब्याखाली बसून भिवापुरी मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खायच्या. फुटलेल्या ओठांना सालीचं तेल झोंबायचं. हिवाळा म्हटलं की मला अजून ओठांची तीच आग आठवते.

संध्याकाळी निघताना सिंधूबाई पिशवीत चार संत्री टाकायची आणि बाबांना ओरडून सांगायची, “भाऊ, पोरायसाठी नेऊन राह्यली गा!” बाबा हात वर करायचे. एवढाच हिशेब.

आई गेली आणि बाबांची नजर अधू होत गेली, तसा कारभार प्रमोदकडे आला. प्रमोद वाईट माणूस नाही. हे वाक्य मी कितीदा तरी लिहून खोडलं आहे, या वेळी राहू देते. तोडणीला माणसं मिळत नाहीत ही त्याची तक्रार खरी होती. पोरं शहराकडे गेलेली, टोळ्या ज्याच्याकडे आधी बोलावणं त्याच्याकडे जाणार, व्यापारी रोज फोन करून डोकं खाणार. हे सगळं खरं. पण एके वर्षी संध्याकाळी तो फाटकात उभा राहिला आणि घरी निघालेल्या बायांच्या पिशव्या उघडून पाहू लागला. संत्री निघाली, पोरांसाठी नेलेली. सिंधूबाईनं आपली पिशवी त्याच्या पायाशी उलटी केली. मग जेवणाचा डबा काढला, त्याचं झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरला.

“हाबी पाह्यून घे. बुडाशी भाजी राह्यली असन.”

दुसऱ्या दिवसापासून टोळी आली नाही. अर्धा तोडा झाडावर. प्रमोदनं कुठून कुठून माणसं गोळा करून तो कसाबसा उरकला आणि फोनवर मला म्हणाला, “ताई, पुढच्या वर्सी एकीचंबी तोंड पाहाचं नाही मले.” मी समजले, रागात बोलतोय. रागात माणूस काहीही बोलतो. त्यानं ते मनात धरून ठेवलंय हे मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तो बाबांना घेऊन नागपूरला माझ्या घरी आला. म्हणाला, बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आता काढूनच टाकू. थंडीत जखम लवकर भरते. बाबा नको म्हणत होते. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात पिकणाऱ्या फळांचा, तोडा तोंडावर आलेला, तो होऊन जाऊ दे, मग पाहू. प्रमोद म्हणाला, “तोडा मी पाह्यतो ना बाबा. तुमी फक्त डोळा पाहा.” मला भावाचं कौतुक वाटलं. मीही बाबांच्या मागे लागले. सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटले की माझा भाऊ ऐन हंगामात स्वतःवर भार घेऊन बापाचा डोळा करून घेतोय. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. त्यानं बाबांना फसवलं ते फसवलंच, पण त्यासाठी मला वापरलं.

ऑपरेशन छान झालं. बाबा काळा चष्मा लावून माझ्या बाल्कनीत बसून राहायचे. मी ऑफिसातून आले की डोळ्यात थेंब टाकायचे. खाली रस्त्यावर संत्र्याची गाडी आली की ते वरूनच विचारायचे, “कुठचा माल गा?” रोज संध्याकाळी प्रमोदला फोन.

“तोडा लागला का गा?”

“लागून राह्यला, बाबा.”

“सिंधू आली का?”

“येऊन राह्यली. बोलणं होऊन राह्यलं.”

आमच्या बोलीत सगळं असं चालू असतं. होऊन राह्यलं, येऊन राह्यलं. त्या दिवसांत प्रमोदनं या ‘राह्यलं’वर बाबांना टांगून ठेवलं. एरवी मला आमच्या बोलीचा हा सूर किती आवडतो! त्या हंगामापासून भाऊ फोनवर ‘करून राह्यलो’ म्हणाला की मी विचारते, झालं की नाही ते सांग.

तपासणीला डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, आता रंग अगदी स्वच्छ दिसतील. मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसत होतं, ते जाईल. त्या दिवसापासून बाबांनी घरी जायचा हट्ट धरला. मी रजा काढली आणि आम्ही एसटीनं निघालो.

त्या प्रवासात होते एवढे आनंदी मी बाबांना आधी कधी पाहिलं नव्हतं. खिडकीशी बसून ते दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. काटोलच्या पुढे कापसाची वावरं लागली तेव्हा काळा चष्मा क्षणभर वर करून, माझा हात दाबून म्हणाले, “केवढा पांढरा वं शोभा! मले वाटे यंदा कापूसच मळकट आला.” नोव्हेंबर असूनही ऊन उतरलं नव्हतं, गाडीत घामाच्या धारा. फाट्यावर उतरलो. प्रमोदला कळवलं नव्हतं. बाबा म्हणाले, आधी बगीच्यातून जाऊ, मग घरी.

मला आधी पायाखाली कळलं. पाचोळा चुरचुरत होता. संत्र्याच्या बगीच्यात असा पाचोळा नसतो, संत्र्याचं झाड बारा महिने हिरवं. मी वर पाहिलं आणि थांबले. बाबा चार पावलं पुढे गेले. मग तेही थांबले. त्यांनी काळा चष्मा काढला. उजवा डोळा चोळायला हात वर नेला, डॉक्टरांचं आठवून परत खाली घेतला. मग तळव्यानं एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा तसंच केलं.

“शोभा,” ते म्हणाले, “डोळा बिघडला वं माह्या. सगळं पिवळं दिसून राह्यलं.”

पुढे ओळीच्या ओळी पिवळ्या उभ्या होत्या. काही झाडांवर पानंच नव्हती, नुसत्या काड्या आणि त्यांना लटकलेली फळं. खाली पानांचा पिवळा थर आणि त्यात पडलेली संत्री, काही फुटलेली, त्यांच्यावर माश्या. कुठूनतरी थप् झालं. मग दुसरीकडे. मग सतत, इथे तिथे, सगळीकडे.

मी म्हटलं, “डोळा बरोबर आहे, बाबा.”

माझ्या आयुष्यात मी उच्चारलेलं याहून क्रूर वाक्य मला आठवत नाही. आणि ते मला बोलायला लावल्याबद्दल मी प्रमोदला अजून धरून आहे.

तो मधल्या ओळींत होता. सोबत टोपी घातलेला एक माणूस, औषधं आणि मशीन विकणारा, आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला लोखंडी हात जोडलेला, त्याच्या टोकाला रबर लावलेला जबडा. आम्हाला पाहून प्रमोदचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

प्रकार थोडक्यात असा. फवारायचं एक औषध, त्याचं खरं नाव इथेफॉन. हिरव्या फळाला रंग आणायला लोक ते वापरतात हे मलाही माहीत होतं. ते मारलं की फळाचा देठ सैल पडतो. मग मशीन खोड धरून झाड हलवतं आणि सगळी फळं खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर. कात्री नको, टोळी नको, सिंधूबाई नको. माल रसाच्या कारखान्याला जाणार, साल फाटली तरी चालेल. फक्त औषधाला फळाचा देठ कोणता आणि पानाचा कोणता हे कळत नाही, आणि ऊन जास्त असलं की ते जास्तच जोरात चढतं. ते टोपीवाल्यानं सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मशीन दुसऱ्या कुठल्या तरी गावी अडकून उशिरा आलं. तोवर झाडांनी सोडायला सुरुवात केली होती.

आणि गावात त्याला काय म्हणत होते? गळीचं औषध. तोच शब्द. ज्या गळीशी बाबा जन्मभर भांडले, ती त्यांच्या पोरानं विकत आणून त्यांच्याच झाडांवर मारली होती.

“काहून नाही सांगतलं?” मी विचारलं.

“सांगतलं असतं तर करू देल्लं असतं का तुमी?”

“म्हणून डोळ्याचं ऑपरेशन काढलं तू?”

“डोळा सुधरला ना बाबायचा?” प्रमोद म्हणाला. “मंग? त्याच्यात काय वाईट केलं मी?”

टोपीवाला मध्ये पडला. “ताई, टेन्शन मत लो. पत्ता वापस आ जाता है. काका, देखो ना एक बार, मशीन कसं काम करते ते.”

आणि आम्ही पाहिलं. मला त्याला हाकलून देता आलं असतं, पण बाबा पाहत होते म्हणून मी पाहिलं. जबडा खोडाला चिकटला. इंजिनाचा आवाज वाढला. आमचं झाड वाऱ्यात हललेलं मी पाहिलं होतं, गारपिटीत वाकलेलं पाहिलं होतं. असं मुळापासून शेंड्यापर्यंत लटपटताना पाहिलं नव्हतं, शाळेत मास्तर पोराला दंड धरून गदागदा हलवतात तसं. पिवळी पानं धुरळ्यासारखी उडाली. फळं एकदम कोसळली. बाबांना आयुष्यभर एकेक थप् ऐकायची सवय, इथे एकच मोठा आवाज झाला आणि संपलं. मशीन मागे सरलं तेव्हा खोडाला रबराचा काळा पट्टा होता आणि एका बाजूची साल सोलून ओलं लाकूड दिसत होतं. टोपीवाल्यानं टाळी वाजवली.

बाबा ताडपत्रीजवळ खाली बसले. नारिंगी फळांच्या मधून त्यांनी एक छोटं हिरवं फळ उचललं, लिंबाएवढं. मग दुसरं. पावसाळ्यात धरलेली, उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणारी ही मृग बहाराची फळं. ती झाडावर होती हे फवारणाऱ्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

“हा तर मृगाचा होता,” बाबा म्हणाले. एवढंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मशीन आपला नमुना दाखवून निघून गेलं. कारखान्याच्या माणसानं ताडपत्रीवरचा माल घेतला आणि मातीत पडलेल्याकडे पाहून मान हलवली. उरलेल्या झाडांवरची फळं देठाला जेमतेम धरून होती. ती हातानं, अलगद, आणि ताबडतोब उतरवायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोद माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “ताई, तू बोल सिंधूबाईशी. तुह्यं ऐकते ते.”

मी त्याच्या गाडीवर मागे बसून गेले. का गेले? बाबांच्या झाडांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिच्यापुढे तो कसा उभा राहतो ते मला पाहायचं होतं.

सिंधूबाई अंगणात कात्र्या पुसत बसली होती, तेलाच्या फडक्यानं. दुसऱ्या बगीच्यात निघायच्या तयारीत. मला म्हणाली, “ये वं शोभा, बस. भाऊचा डोळा कसा आहे?” प्रमोदकडे तिनं पाहिलंही नाही. आम्ही कशासाठी आलो ते मी सांगितलं. तिनं हातातली कात्री पुसून पुरी केली.

“त्याले सांग,” तो समोर उभा असताना ती मला म्हणाली, “माह्या बाया तोडाले जाते. पडलेलं वेचाले नाही जात.”

“सिंधूबाई, पडलेलं नाही, वरचंच आहे अजून,” प्रमोद म्हणाला.

आता तिनं त्याच्याकडे पाहिलं. “अन् संध्याकाळी पिशव्या कोण पाह्यन? तू, का ते मशीन?”

प्रमोदनं मान खाली घातली. कान लाल झालेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आमच्याच बगीच्याचं नुकसान पक्कं होत होतं आणि मी आतून थंड होत होते. परत बगीच्याशी पोचलो तेव्हा थप् थप् चालूच होतं.

मी नागपूरला परत निघाले त्या दिवशी बाबा मला फाट्यावर सोडायला आले. फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथे गावातली नेहमीची माणसं. एकानं तोंड वाकडं करून विचारलं, “काय गा बाबा, पोरानं पुरा बगीचा झाडून टाकला म्हणते?” दोघंतिघं हसले. मी वाट पाहत होते. बाबा आता बोलतील, सगळ्यांसमोर बोलतील, आणि प्रमोदला हे गावभर ऐकू येईल.

बाबांनी बशीतला चहा संपवला. “त्यानं काहून? मीच सांगतलं होतं,” ते म्हणाले. “म्हटलं, नवीन आहे, पाहू करून. नाही जमलं.”

हसणं थांबलं. कुणीतरी पावसापाण्याचा विषय काढला. माझ्या तोंडातला चहा कडू झाला. एसटी दिसू लागली तेव्हा मी बाबांना बाजूला घेतलं.

“काहून खोटं बोलले तुमी?”

“झाडं तर गेली वं,” बाबा म्हणाले. “आता पोराचं नावबी घालवू का?”

मी गाडीत चढले. खिडकीतून त्यांना हात केला नाही. त्यांनी त्यांच्या पोराला झाकलं हे समजतं मला, मलाही मुलं आहेत. पण माझ्या रागाचं त्यांनी काय केलं? तो उघड्यावर पडला. ज्याच्यावर अन्याय झाला तोच म्हणतो झाला नाही, मग मी कुणाच्या बाजूनं भांडत होते?

त्यानंतरच्या पावसाळ्यात काही झाडांना पालवी फुटली. कोवळी, चमकदार, इतकी देखणी की मला तिचाही राग आला. टोपीवाला म्हणाला होता तसंच झालं म्हणून. पण जबड्यानं धरलेल्या खोडांवर डिंकाचे ओघळ आले. डिंक्या लागला की झाड वरून वाळत येतं. वाळलेल्या फांदीला आमच्याकडे सल म्हणतात. बाबा करवत घेऊन झाडोझाडी सल काढत हिंडले, कापल्या जागी मलम लावलं. काही ओळी वाचल्या. उरलेल्या जेसीबीनं उपटल्या आणि तिथे आता मोसंबी आहे.

मला यंत्राचा राग आहे असं कुणी समजू नये. विहिरीवर मोटर बसली तेव्हा आईनं तिला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि ते मला आजही योग्य वाटतं. दूर कुठे रसासाठीच लावलेले मोठाले सपाट बगीचे असतील, घट्ट सालीची फळं असतील, थंड हवा असेल, तिथे हे औषध नीट चालतही असेल. मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. माझं भांडण आमच्या बगीच्यापुरतं आहे. प्रमोदला माणसं मिळत नव्हती हे खरं, पण आधी त्याला माणसं नकोशी झाली होती. तो नकोसेपणा त्यानं पंपात भरला आणि झाडांवर मारला.

हे मी एका भाऊबीजेला त्याला तोंडावर म्हटलं होतं. तो जेवत होता. शांतपणे म्हणाला, “तुले राग परवडते, ताई. तू नागपुरात राह्यते. मले रोज उठून तेच झाड पाहा लागते, अन् तेच बाबा.” मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

तरी दर वर्षी मी त्याला ओवाळते. रीत म्हणून. टिळा लावते, सुपारी फिरवते, हसत नाही. यंदाही तो आला. पाटावर बसला. केस बरेच पिकलेत त्याचे. मी टिळा लावला आणि ताट उचलणार तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, बाबायचा डावा डोळा आता अगदीच गेला. परवा पायरी चुकली त्यायची. डॉक्टर म्हणते, याहून उशीर नाही चालणार. मी सांगून सांगून थकलो. आंबिया होऊन जाऊ दे, म्हणते. आंबिया झाला की म्हणते, मृग होऊन जाऊ दे. त्या वर्सापासून एक रात्र बगीचा सोडला नाही त्यायनं. लग्नालेबी जात नाही कुणाच्या. तू सांगून पाह्य ना.”

मी सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी मला दुसरंच सुचलं, आणि ते चांगुलपणातून सुचलं नाही.

“एक काम कर,” मी म्हटलं. “बाबा नागपुरात राह्यतीन तेवढे दिवस तूबी माह्या घरी राह्य. माह्या डोळ्यासमोर. तसं सांग त्यायले.”

“मी? मी काहून?”

“तू सांगून तर पाह्य.”

“अन् बगीचा?”

“कोणी हात नाही लावला तर काही नाही होत त्याले.”

त्यानं खिशातून फोन काढला, बाबांना लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे बाबांच्या मागे मोटरचा आवाज येत होता, पाणी चालू असावं.

“बाबा, डाव्या डोळ्याचं म्हणत होतो मी,” प्रमोद म्हणाला. “या वेळी मीबी येतो तुमच्यासंगं. तुमी ताईकडं आहात तोवर मीबी इथंच. बगीच्यात कोणी नाही.”

मोटर तेवढी वाजत राहिली. मला वाटलं, आता म्हणतील, आंबिया होऊन जाऊ दे.

“मंग ठीक आहे,” बाबा म्हणाले. “कवा निघाचं?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, अढी नव्हती. इतकी वर्षं अडलेली गोष्ट किती सहज सुटली होती. प्रमोदनं फोन बंद केला आणि मांडीवर ठेवला. मी त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहायला नको होतं. पाहिलं.